हार्लनची गोडमुळी

जंगलातलं सगळं हार्लनला कळतं, असं हार्लनच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मी अजून ऐकलेलं नाही. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, गळ्यात भिंग, आणि बोलणं असं की वेस्ट व्हर्जिनियातले आमचे डोंगर ह्यानेच रोपं आणून लावलेत. माझी धाकटी बहीण ओडेला, नवरा गेल्यावर एकटीने घर सांभाळलेली शहाणी बाई, ह्या भोपळ्याशी जूनमध्ये लग्न करायला निघाली होती.

एप्रिलात आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये सगळ्या गावाला रानलसणीचं जेवण असतं. आम्ही बायका सकाळपासून पोत्यांनी लसूण निवडतो. त्या दिवशी हॉलमध्ये दुसरा कसलाही वास येत नाही, आणि घरी गेल्यावर नवरे उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जातात. अशा जागी हार्लन पिशवी घेऊन आला आणि टेबलावर मुळं ओतली.

"गोडमुळी," तो म्हणाला. "गाजराच्या घराण्यातली. पांढरं फूल यायला अजून अवकाश आहे, पण मी ओळखली. सफरचंदाच्या मुरंब्यात किसून घालू."

"पाला कुठाय?" मी विचारलं.

"तो रानातच छाटला. मूळ मोडून हुंगायचं, मिस मॉझेल. बडीशेपेचा वास आला की झालं."

घ्या. त्याच घराण्यात एक विषारी बया अशी आहे की तिचं मूळ गाईलाही आडवं करतं. पानं दोघींची सारखीच कातरलेली. देठ पाहिला तर आंधळाही सांगेल. गोडमुळीच्या देठावर मऊ लव असते, त्या बयेचा देठ गुळगुळीत आणि वर जांभळे डाग. ह्या महाशयांनी नेमका देठ फेकला, आणि हुंगायला आले ते लसणीच्या हॉलमध्ये. हे सगळं मी दोघांना तिथेच ऐकवलं.

मी एक मूळ मोडून हुंगलं. लसूण. ओडेलाने हुंगलं. लसूण. हार्लनने डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाला, "बडीशेप."

"अरे, तुझ्या हातांनाच लसणीचा वास मारतोय."

"माझं नाक वेगळं आहे."

"मोठं आहे, एवढं खरं."

ओडेला भडकली. "तो तुला पहिल्यापासून आवडत नाही, ताई." ते खरंच होतं. तिने हट्टाने स्वतः मूळ किसलं, वाटीभर मुरंब्यात कालवलं आणि चमचा भरला. आणखी टोमणा मारला असता तर तिने वाटी चाटूनपुसून संपवली असती.

मी तिचं मनगट धरलं. "खा की. पण ओळखली ह्याने, तर पहिला घास ह्याचा."

"बरोबर आहे," ओडेला हसली आणि चमचा त्याच्यापुढे धरला.

हार्लन चमच्याकडे बघत राहिला. म्हणाला, सकाळपासून पित्त झालंय. मग म्हणाला, आंबट चालत नाही. मग म्हणाला, आधी लोकांना तर वाढूया. ओडेलाचा हात तसाच पुढे होता. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिने वाटी कचऱ्यात उपडी केली, टेबलावरची मुळंही पिशवीसकट टाकली, आणि कितीतरी वेळ साबणाने हात धूत बसली.

दोन दिवसांनी, नाकं ताळ्यावर आल्यावर, हार्लनने आम्हाला ओढतच त्या जागी नेलं. छाटलेला पाला तिथेच पडला होता. मी एकेक देठ चाचपला. सगळ्यांवर लव, डाग एकही नाही. खड्ड्याशेजारचं ताजं मूळ उकरून मोडलं तर बडीशेपेचा घमघमाट.

"बघा, मी बरोबर होतो," हार्लन म्हणाला. तो नाचायचाच काय तो बाकी होता. "सगळी गोडमुळीच निघाली."

ओडेलाने ते मूळ माझ्या हातातून घेतलं, बाहीला पुसलं आणि चावून खाल्लं.

"गोड आहे," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तुला हे माहीत नव्हतं, हार्लन. आणि तरी मी चमचा भरला तेव्हा तू गप्प उभा होतास."

तिने बोटातली अंगठी काढून त्याच्या जाकिटाच्या एका खिशात टाकली. आम्ही डोंगर उतरायला लागलो. मागे तो भिंग हातात घेऊन अजून आम्हाला देठावरची लव दाखवत होता.