मैनाबाईची काडी

मैनाबाईनं जुडीवरून बोट फिरवलं आणि हात लुगड्याला पुसला.

"हे काडी माही नाय, हिरालालभाऊ."

हिरालाल बालाघाटच्या अगरबत्ती-काडी केंद्राचा व्यवस्थापक. तो म्हणाला, ठाऊक आहे, पण पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही. काडी व्हिएतनामची होती. यंत्रातून निघालेली, गोल, गुळगुळीत, औषधाचा उग्र वास मारणारी. पूर्वेकडच्या देशांशी व्यापाराचे करार झाले, जकात उतरली, नि ही काडी गाड्या भरभरून आली. सुरीनं बांबू सोलणाऱ्या बारा बायका दोन वर्षांपासून घरी बसल्या होत्या. आज दिल्लीचे साहेब येणार होते, करारांचा फायदा खाली कसा पोचला ते पाहायला. साहेब खूश झाले तर केंद्र पुन्हा उघडेल, असं हिरालालनं सांगून ठेवलं होतं. त्या आशेवर बाकीच्या अकरा जणी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून मैनाबाई गप्प बसली.

साहेब आले. मैनाबाईच्या खांद्यावर शाल पडली, तिचीच म्हणून हातात ती परकी जुडी आली, फोटो निघाले. खोटेपणाचं एवढं थाटाचं लग्न तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

मग साहेबांनी करून दाखवायला सांगितलं. चाळीस वर्षांचा हात; बघता बघता हिरव्या पाठीची चौकोनी काडी निघाली. साहेबांनी ती जुडीतल्या काडीशेजारी धरली.

"ये ज़रा मोटी हो गई, अम्मा. अपनी पहले वाली जैसी बनाओ. ऑर्डर उसी नाप का मिलेगा."

अकरा माना खाली गेल्या. तशी काडी सुरीनं निघत नाही, हे प्रत्येकीला माहीत होतं. हिरालाललाही होतं, तरी तो हसत मान डोलवत राहिला. साहेबांनी समोसा खाल्ला, मैनाबाईच्याच काडीनं दात कोरले आणि ती बशीत टाकली.

मैनाबाईला शिसारी आली. साहेबांची आली, हिरालालची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या गप्प बसण्याची.

तिनं शाल काढली, नीट घडी केली आणि जुडीवर ठेवली.

"मान या काड्याइचा हाय, हिरालालभाऊ. माहा नाय."

बशीतली काडी उचलून ती बाहेर नळावर गेली. चोळून चोळून धुतली. मग सवयीनं एक डोळा मिटून तिनं ती समोर धरून पाहिली. काडी सरळ होती.