मुक्या जिवाचा डूख

प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलिणीने आपल्या राखणदाराला फाडलं, तेव्हा त्याची बायको घरी शाळेच्या गणवेशांना काजं करत बसली होती.

त्या अस्वलिणीला त्याने पिल्लू असताना बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. थंडीत ती त्यांच्याच स्वयंपाकघरात गोणपाटावर झोपायची. तो रजेवर गेला की ती रुसते, खाण्याला तोंड लावत नाही, हे बायकोच कौतुकाने सांगत फिरायची. "थोरली लेक आहे यांची. तिला सगळं कळतं."

पिंजऱ्याच्या मधल्या दाराचा खटका नीट बसत नव्हता. तो झाडायला आत शिरला, मागे ते दार सरकून उघडलं, आणि सगळं संपलं.

भेटायला येणाऱ्यांचा सूर मात्र निराळाच. "मुका जीव उगाच कुणाच्या अंगावर जात नाही, वहिनी," शेजारी म्हणाला. "डूख धरला असणार तिने."

प्राणिसंग्रहालयाचे साहेबही येऊन गेले. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "घरी कसे होते हो ते? तापट वगैरे?"

"खटका बिघडलाय म्हणून ते कधीपासून सांगत होते तुम्हाला."

"ते बघतोय आम्ही. पण जनावराच्या मनात काही असल्याशिवाय..." साहेबांनी पुढचं चहाबरोबर गिळलं.

"मनात काय असायचंय? जनावर आहे ते. दार उघडं दिसलं, आलं."

तेव्हा नणंद, त्याची सख्खी बहीण, कोपऱ्यातून म्हणाली, "तूच म्हणायचीस ना वहिनी, तिला सगळं कळतं म्हणून?"

हिने साहेबांची कपबशी उचलून आत नेली.

पुढच्या आठवड्यात आपल्या मुलीला घेऊन ही पिंजऱ्यापाशी गेली. तिथे ही गर्दी. अस्वलीण मान डोलवत गजांशी येरझारा घालत होती.

"पस्तावलीय बिचारी," एक बाई म्हणाली. "काय काय सोसलं असेल, कोण जाणे."

कुणीतरी बिस्किटं टाकली. अस्वलिणीने ती खाल्ली, मग हिच्या हातातल्या पिशवीकडे नाक केलं. पिशवी रिकामी निघाल्यावर पाठ फिरवली. ओळख ना पाळख. तरी हिने त्या डोळ्यांत काहीतरी शोधलंच. राग, लाज, काहीही चाललं असतं.

परतताना मुलीने विचारलं, "आई, बाबा मारायचे का गं तिला?"

"नाही," ती म्हणाली. पण म्हणायला जरा वेळ लागला, आणि तो पोरीच्या लक्षात आला.