मी येते

उंबऱ्यावर पावलांच्या दोन ओल्या खुणा होत्या. डावी सत्तावीस सेंटिमीटर, उजवीही तेवढीच. वर छप्पर होतं आणि दोन दिवसांत पाऊस पडलेला नव्हता. बोटं घराच्या दिशेने होती. मागे अंगणाची फरशी कोरडी होती. तिच्यावर येणारी किंवा जाणारी एकही खूण नव्हती.

डाव्या टाचेखाली दगड थोडा झिजलेला होता. तिथे चमचाभर पाणी साचलं होतं. मी ब्रिस्टलच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासते, त्यामुळे छोटा मीटर पर्समध्ये असतोच. त्याचं टोक पाण्यात बुडवलं. हजार भागांत पस्तीस भाग मीठ.

"काय निघालं?" आईंनी गाडीतून बॅग काढता काढता विचारलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मनीषा. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स होत्या.

"समुद्राचं पाणी आहे."

"त्याला मशीन कशाला लागतं? जिभेला लावायचं."

मी घड्याळ पाहिलं. चार बावन्न. खाली बंदरात ओहोटी पूर्ण झाली होती. मासेमारीच्या निळ्या-लाल बोटी चिखलात एका कुशीवर कलल्या होत्या.

आठ वर्षं आणि दोन महिन्यांपूर्वी माझा नवरा शार्दूल प्लिमथहून आपल्या छोट्या शिडाच्या बोटीतून एकटाच निघाला. चार दिवसांनी बोट इथे, फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या या मासेमारी गावाच्या खडकांत उलटी सापडली. शार्दूल सापडला नाही. आमच्याकडे इंग्लंडमध्ये सात वर्षांनंतर कोर्टात अर्ज करता येतो. मग माणूस मृत मानला जातो. तो फॉर्म मी चौदा महिन्यांपूर्वी भरला. सही तेवढी राहिली. कुणी विचारलं की मी सांगायची, "आईंना जड जाईल."

मग गेल्या महिन्यात या घराच्या मालकीण मादाम केरवेलांचं पत्र आलं. बोट त्यांच्या शेडमध्ये होती, शेड आता पाडायची होती; बोटीचं काय करायचं ते येऊन ठरवा, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. "तुमच्या भाषेतल्या एका शब्दाचा अर्थ विचारायचा आहे."

आई म्हणाल्या, "मीही येते." प्लिमथहून रात्रभराची फेरीबोट आणि पुढे किनाऱ्याने गाडी. वाटेत आम्ही शार्दूलबद्दल काहीच बोललो नाही. आईंनी डब्यातून दशम्या आणल्या होत्या, त्या खाल्ल्या.

मादाम केरवेला ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्यांचे वडील सायकलवर कांद्याच्या माळा लादून वेल्सभर विकत फिरायचे, त्यामुळे त्यांना इंग्लिश येत होतं. उंबऱ्यावरच्या खुणा त्यांनी पाहिल्या, फडक्याने पुसल्या आणि फडकं बादलीत पिळलं. दारात सांडलेलं दूध पुसावं तसं. मग आम्हाला आत घेतलं आणि कॉफी ओतली. टेबलावर लोण्याने जड झालेला केक होता.

"शब्द कोणता?" मी विचारलं.

"आधी काय ते सांगते. या गावात ज्यांचा देह मिळत नाही, त्यांच्यासाठी आम्ही मेणाचा क्रॉस करतो. बोटाएवढा. घरचे लोक त्याच्याजवळ बसतात, तू गेलास असं त्याला सांगतात, मग तो चर्चच्या आवारात नेऊन ठेवतात. सांगितलं नाही तर माणूस ओहोटीला दाराशी येतो. माझे आजोबा दोन वर्षं येत होते. ते 'उघड' म्हणायचे. ते समजायचं." त्यांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेला मेणाचा क्रॉस काढला. जुना, पिवळट. "तुमच्या माणसासाठी मीच केला होता. पण सांगायचं काम घरच्यांचं. आणि हा जे म्हणतो ते मला कळत नाही."

"काय म्हणतो?"

त्यांनी डोळे मिटले आणि ऐकल्यासारखं करून सावकाश उच्चारलं. "मियेते."

आईंचा कप बशीवर वाजला.

शार्दूल बर्मिंगहॅममध्ये जन्मला. वडील कायम नाइट शिफ्टला, त्यामुळे मराठी तो फक्त आईंकडून शिकला आणि आई बोलायच्या तसाच बोलायला लागला. मी खाते, मी झोपते, मी शाळेत जाते. पुण्याच्या चुलतभावंडांनी त्याचं नाव शार्दूलताई ठेवलं होतं. चौतिसाव्या वर्षीही त्याचं 'मी येतो' झालं नव्हतं. घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणायचं नाही, हेही त्याला आईंनीच शिकवलेलं. तो दाराबाहेर पडायचा, वळून घराकडे तोंड करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "मी येते." आतून कुणीतरी "ये" म्हटल्याशिवाय हलायचा नाही. मला बसला उशीर होत असला तरी नाही.

"याचा अर्थ काय?" मादामनी विचारलं.

"मी निघालो," आई म्हणाल्या. "आणि मी येतोय, असाही होतो. आम्ही जाताना तसंच म्हणतो."

"मग त्याला काय उत्तर देतात?"

"ये."

मादामनी क्रॉस परत रुमालात ठेवला. "ते मी तरी त्याला म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही बोट पाहिली. ती माझ्या आठवणीपेक्षा लहान होती. मी ती देऊन टाकायला सांगितली. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग चर्चच्या आवारात गेलो. तिथल्या एका भिंतीवर नुसत्या पाट्या होत्या. नाव, बोट, साल. खाली कबर नाही. आई एकेक पाटी वॉर्डातला चार्ट वाचावा तशी वाचत होत्या.

"यातल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगितलं असेल ना?" त्या म्हणाल्या.

"असेल."

"त्या दिवशी तुला फोन केला होता त्याने. बंदरातून."

"हो."

"काय म्हणाला?"

आठ वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. "मी येते, म्हणाला. मी नमुने मोजत होते. नुसतं हं म्हटलं."

आईंनी पर्समधून रुमाल काढला, भिंतीवरची एक पाटी पुसली आणि त्या चालू लागल्या.

ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्या दिवशीची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाच बेचाळीस होती. साडेपाचला आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो. बाहेर धुकं आलं होतं. खिडकीतून फक्त अंगणाची अर्धी भिंत दिसत होती. मेणाचा क्रॉस टेबलावर, केकच्या ताटलीशेजारी होता. सीगल ओरडत होते. पाच चाळीसला ते थांबले.

दाराखालच्या फटीतून पाणी आत आलं. बोटाएवढी रेघ, फरशीच्या सांध्यातून हळूहळू पुढे येणारी. मी ती पाहत राहिले. मीटर पर्समध्ये होता, पण मी तो काढला नाही.

"मी येते."

आवाज त्याचाच होता, पण श्वास नसलेला. मग शांतता, उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसाची असते तशी.

मी आईंकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

"मी नाही सांगणार. मी दर वेळी ये म्हटलंय त्याला. हं तू म्हटलंस."

"आई, तुम्हाला जड जाईल म्हणून तर मी इतके दिवस—"

"माझं नाव पुढे करू नकोस, वरदा." त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. "गेल्या दिवाळीत मी तुला म्हटलं होतं, कर सही. तू म्हणालीस, आई, चहा टाकते."

हे खरं होतं. चहात आलं जास्त झालं होतं, तेही मला आठवत होतं.

"मी येते," दाराबाहेरून पुन्हा आलं. तोच स्वर, तेवढीच लांबी. पाण्याची रेघ माझ्या खुर्चीच्या पायापर्यंत पोचली.

मी उठून दाराशी गेले. लाकडावर हात ठेवला. ते फ्रीजच्या आतल्या भिंतीसारखं गार होतं. पलीकडे थेंब पडत होते, साधारण दोन सेकंदांना एक. 'ये' अगदी ओठांवर आलं. आमच्या घरात त्या वाक्याला दुसरं उत्तर नव्हतंच. कडी माझ्या खांद्याच्या उंचीवर होती आणि ती काढायला एक बोट पुरलं असतं.

"ऐक," मी दाराला म्हणाले. "मी ये म्हणणार नाही. शार्दूल, तू जा. सोमवारी मी फॉर्मवर सही करतेय."