बुटाचं टोक

बुटाचं टोक गेलं होतं. टाच शाबूत, कडा शाबूत, आणि पुढचं टोक मात्र कानशीनं घासावं तसं खालून तिरपं उडालेलं... त्यानं बूट उजेडात धरला, अंगठ्यानं ती जागा चाचपली. तीस वर्षं तो लोकांचे बूट दुरुस्त करत होता. असं झिजलेलं टोक त्यानं दोघांचंच पाहिलं होतं – वडिलांचं आणि स्वतःचं. हा जोड त्याच्या मुलीचा होता. एकोणीस वर्षांच्या.

"हिला पाय उचलून चालायला काय होतं?" सकाळी बायको जोड आपटून गेली होती. "चार महिन्यांत वाट लावली!"

चार महिने नव्हे – वर्ष. याआधी झिजलेली टोकं त्यानंच गुपचूप बदलली होती, बायकोला कळू न देता... आणि स्वतःलाही.

बारा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघा काढून समजावलं होतं – मज्जापेशींत बारीक नळ्या असतात, मेंदूकडून खाली सगळा माल त्यांच्यावरून जातो. स्पास्टिन नावाचं प्रथिन त्या नळ्यांना धरतं, हवं तिथे कापतं, मग नव्या उभ्या राहतात. ते बनवणाऱ्या तुमच्या जनुकात एक अक्षर चुकलंय. एक अक्षर! आणि पाय ताठत जाणार, सावकाश. "मुलीला?" त्यानं विचारलं होतं. "निम्मी शक्यता." घरी येऊन त्यानं सांगितलं – शिडीवरून पडलो होतो ना, तेच कण्याला लागलंय. तेव्हापासून बायको त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळते आहे, शिडीला शिव्या देत देत...

दुपारी मुलगी चपला घालून दुकानात आली. सोमवारी तिला टपालखात्यात हजर व्हायचं होतं – पत्रं वाटायची, पायी.

"झाले बूट?"

"होतील."

ती समोरच्या स्टुलावर बसली. "बाबा, जिना चढताना पाय लाकडासारखे होतात माझे."

"बूट जड असतील."

"बूट तर आठवडाभर घातलेच नाहीत मी." ती हसली, तो हसला नाही.

तेवढ्यात तिचा डावा गुडघा थडथडायला लागला, आपोआप, शिलाईयंत्राच्या सुईसारखा. ती घाबरून त्याच्याकडे बघत राहिली. विचार करायला उसंतच मिळाली नाही – त्यानं पुढे वाकून तळव्यानं तो गुडघा खाली दाबला, टाच जमिनीला टेकेपर्यंत. थरथर थांबली.

"असं दाबलं की थांबतं," तो म्हणाला.

आणि मग त्याला कळलं, आपण काय बोललो.

मुलीनं त्याचा हात गुडघ्यावरून बाजूला केला. "आणखी काय काय माहीत आहे तुम्हाला?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. सांगायचं होतं – कागद, रेघा, आजोबा, आणि मागच्या वर्षीची ती टोकं... त्यानं बूट पुन्हा हातात घेतला. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काही तरी हलत होतं, आणि ते ओळखून तो शरमेनं गार पडला: बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याला एकटं वाटत नव्हतं.