काळ्या रंगाची ट्यूब

सकाळपासून चित्रकाराचा जीव थाऱ्यावर नव्हता. बागेत इझल मांडून तास झाला, तरी काळ्या रंगाची ट्यूब सापडेना. त्याने पेटी दोनदा उपडी केली, खिसे चाचपले आणि वाफ्यात खुरपणाऱ्या बहिणीवर डाफरला, "ताई, पुन्हा माझी पेटी आवरलीस ना?"

"ट्यूब माझ्याकडे आहे," ताई मान वर न करता म्हणाली. "बागेत काळं काय आहे ते दाखव, लगेच देते."

"सावल्या! डोळे आहेत ना तुला?"

तीस वर्षं तो प्रत्येक सावलीत काळा कालवत आला होता. तो तरातरा झाडाखाली गेला, रिकाम्या बाकावर पडलेल्या सावलीकडे त्याने बोट रोखलं. सावली जांभळी होती. कडेला निळी, आणि बाकाच्या पाठीवर तर चक्क गुलाबी.

मग त्याला दम निघेना. ऊन सरकायच्या आत त्याने कॅनव्हासवर बाक रंगवून काढला आणि ओला ब्रश हातात घेऊनच तो घरात धावला. भिंतीवर त्यानेच काढलेलं आईचं चित्र होतं, याच बाकावर बसलेली आई. ते पाहून ती म्हणाली होती, "अरे, मी भर दुपारी बसले होते ना? मग एवढा अंधार कशाला?"

"आई, तुला चित्रातलं काय कळतं?" असं तो तेव्हा म्हणाला होता.

आता आई नव्हती. गुलाबी रंगाचा ब्रश त्याने तिच्या गालापाशी नेला, पण त्या दुपारी तो गाल कसा दिसत होता, हे त्याने पाहिलंच नव्हतं.