आधी तोंड, मग पोट

नामदेवरावांची पिकअप दसऱ्यापासून तापत होती. गौलीगुड्याच्या बाजारात पोती भरून निघावं, विद्यानगरकडच्या चढाला लागावं, की काटा सरसर वर जायचा आणि बॉनेटखालून वाफ सुटायची. नामदेवराव खाली उतरायचे, गाडीला दोन शिव्या हासडायचे, कुणाच्या तरी दारातून बादलीभर पाणी मागून ओतायचे आणि पुढं निघायचे. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली गाडी ती. म्हातारी झाली होती हे खरं; पण म्हातारं माणूससुद्धा असं मुहूर्त बघून आजारी पडत नाही.

एरवी त्यांनी हे दुखणं आणखी महिनाभर रेटलं असतं. पण उद्या सकाळी याच गाडीतून दत्तोबाचा संसार नांदेडला जायचा होता. दत्तोबा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, सरकारी मोटार कारखान्यातला मिस्त्री. हैदराबाद राज्याचे तीन वाटे व्हायचं ठरलं, तेव्हा कचेरीनं मराठवाड्याच्या माणसांना विचारलं, इथं राहता का तिकडं जाता? दत्तोबानं थोरल्या भावाला न विचारता ‘तिकडं’ म्हणून सांगून टाकलं. गाव तिकडं, शेत तिकडं, पोरांना पुढं मराठी शाळाही तिकडंच. एक नोव्हेंबरला नांदेडात हजर व्हायचं होतं, तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर.

नामदेवराव नुसते “बरं” म्हणाले होते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं की घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलत नसे. गाडी हाकायची नामदेवरावांनी आणि तिचं दुखणंखुपणं बघायचं दत्तोबानं, कारखाना सुटल्यावर, रविवारी, सणावारी, अशी इतक्या वर्षांची वाटणी. ती मोडायला निघालेला भाऊ त्यांना बघवत नव्हता. तरी रागाच्या भरात शब्द देऊन बसले होते. “जायचंच आसंल तर मी सोडतो. माझ्या भावाचं सामान परक्याच्या लॉरीत जायचं नाही.” आता गाडी बरी झाली नाही तर शब्दही जाणार आणि दत्तोबाची नोकरीही लटकणार. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात नामदेवरावांना त्याचं फारसं दुःख नव्हतं, आणि त्या कोपऱ्याची त्यांना लाजही वाटत होती.

सकाळी दत्तोबा हत्यारांची पेटी घेऊन आला. समोरच्या चहाच्या हॉटेलातून जब्बारभाई ओरडले, “क्या नामदेवभाई, दवाखाना खोल लिए क्या?”

“हौ. डॉक्टर उद्या पळून जायला, म्हनून आजच दाखवायलो,” नामदेवराव म्हणाले. दत्तोबानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बॉनेटचं डावं पाखं उचललं.

रेडिएटरचं झाकण त्यानं ओल्या पोत्याचा तुकडा टाकून फिरवलं. पाणी काठोकाठ होतं. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, ताठ होता. रबरी नळ्या चिमटल्या, कुठं फुगलेल्या नव्हत्या, गळतही नव्हत्या. मग इंजन चालू करून तो पाण्यात डोकावत राहिला. हेडचं गॅस्केट फुटलं असतं तर बुडबुडे आले असते. तेही नव्हते. पंप पाणी नीट फिरवत होता.

“वहिनी, एक जुनं पातेलं द्या,” त्यानं दाराकडं पाहून हाक मारली.

नामदेवरावांची बायको तारामती पातेलं घेऊन आली. “जुनं कशाला? निघालात तर नवं घ्या, नांदेडला न्यायला होईल,” ती म्हणाली. दिरावर तिचाही राग होताच. फक्त तिला तो बोलून दाखवता येत होता.

पाणी तापलं की उघडणारी इंजनातली झडप दत्तोबानं काढली, दोरीला बांधून पातेल्यात सोडली आणि पातेलं चुलीवर चढवलं. तिघं चुलीभोवती बसले. पाणी चुरचुरायला लागलं तशी झडप हळूच उघडली. नामदेवरावांना वाईट वाटलं. ती अडकलेली निघाली असती तर भाऊ हसला असता, दोन वाक्यं बोलला असता. आता तर सगळंच ठीक होतं आणि गाडी तापत होती.

“तुझं मन उडालंय दत्तोबा,” ते शेवटी बोललेच. “म्हनून हातबी चालंना. पैलं तू आवाजावरून सांगायचास.”

दत्तोबानं पातेल्यातून झडप बाहेर काढली. झडप परत बसवायला तो गाडीच्या उजव्या अंगाला निघाला आणि तिथंच नामदेवरावांच्या ध्यानात एक गोष्ट आली. सकाळपासून तो डावीकडून उजवीकडं जायचा तो गाडीला मागून वळसा घालून. पुढून दोन पावलांचं अंतर. तरी मागून. आणि हाच दत्तोबा त्यांना सदा शिकवायचा, “दादा, गाडी तापली की आधी तोंड बघावं, मग पोट. वारा आत जातो का नाही ते बघितल्याबिगर पाना हातात घिऊ नये.”

नामदेवराव उठले आणि गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले.

तोंडावर पाटी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी ती स्वतःच्या हातानं लावली होती. जाड पत्र्याची, पिवळ्या रंगावर लाल अक्षरांची, मराठीत आणि खाली उर्दूत: ‘नामदेवराव दत्तोबा बंधू, मालवाहतूक, गौलीगुडा’. पेंटरला माप देताना त्यांनी जाळीचंच माप दिलं होतं, एक बोटही उघडं राहू नये म्हणून. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. पुजलेल्या पाटीला मग कोण हात लावतो! पाटीच्या मागं जाळी आणि जाळीच्या मागं रेडिएटर, श्वास कोंडून बसलेला.

“दत्तोबा,” ते म्हणाले, “तोंड बघितलं न्हाईस.”

पाना पुसणारा दत्तोबाचा हात थांबला. “बघितलं.”

“कवा?”

“तू पाटी लावलीस तवाच.”

“आन् गप बसलास? एवढे दिस गाडी उकळायली, मी पोरासोरांकडून पाणी मागायलो...”

“काय सांगू दादा?” दत्तोबाचा आवाज चढला आणि लगेच बसला. “माझ्या नावाची पाटी काढ म्हनून सांगू? आधीच चाललो तुला सोडून. वाटलं, दुसरं काहीतरी सापडंल. सकाळधरनं तेच हुडकायलो.”

नामदेवराव पाटीकडंच पाहत राहिले. “थांबशील वाटलं रे,” ते म्हणाले. “तोंडानं म्हनायला जमलं न्हाई. म्हनलं, नाव बघून थांबशील.”

“ठाऊक होतं,” दत्तोबा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्याच्याकडं तेलकट फडक्याशिवाय काही नव्हतं.

तारामतीनं पदराचं टोक पुढं केलं. “पुजलेली पाटी हाय, खरं हाय. पण गाडीबी पुजलेलीच हाय की. तिचा जीव कशाला घेता?”

पाटी नामदेवरावांनीच काढली. दत्तोबा पाना द्यायला पुढं झाला तेव्हा त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. स्क्रू गंजले नव्हते, सहज फिरले. आत जाळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या. त्या दत्तोबानं एकेक करून वेचल्या.

“मागच्या फळीला लाव,” तो म्हणाला.

“मागं लावली तर मला दिसायची कशी?”

“पुढं होती तवा तरी गाडी हाकताना तुला कुठं दिसायची?”

नामदेवरावांना हसू आलं. कितीतरी दिवसांनी दोघं एकदम हसले आणि जब्बारभाईंनी न सांगता तीन चहा पाठवले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाडी निघाली. मागं ट्रंका, गाद्या, पाळणा आणि बायकापोरं. पुढं दोघं भाऊ. बोलारमचा चढ आला. नामदेवरावांची नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त होती. काटा मधोमध उभा होता.

“बघ, हलंना,” दत्तोबा म्हणाला.

“हौ,” नामदेवराव म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आता उकळावी, सुटावी वाफ, कुठंतरी झाडाखाली घटकाभर थांबावं लागावं. पण मेडचल गेलं, पुढचीही गावं गेली, आणि त्या म्हाताऱ्या गाडीनं नांदेड येईपर्यंत एकदाही थांबायचं निमित्त दिलं नाही.