पंख्याची सुलटी बाजू

मास्तरांच्या घरात ‘फिटिंग’ हा शब्द मास्तरांच्या मालकीचा होता. कोट असो, पडदा असो, नाहीतर उशीचा अभ्रा असो, काहीही कशावर नीट बसवायचं म्हटलं की ते काम त्यांचं. ते शिंपी होते, आणि आपल्या हातचं काम आजवर कुणी उसवायला परत आणलेलं नाही, हे दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकायला कुणी नसलं तर शिलाई मशीनला ऐकवत. त्यामुळे लेकीनं सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जुळवायला घेतला आणि बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, “आता फक्त पंख्यांचं फिटिंग राहिलंय,” तेव्हा पुढं काय होणार हे आईनं ओळखलं. तिनं लेकीकडं बघून डोळे मोठे केले, पण उपयोग नव्हता. मास्तर पेचकस शोधायला उठलेसुद्धा.

लेकीचं काम मोठं गमतीचं होतं. एखादी इमारत बांधायच्या आधीच ती पडद्यावर उभी करायची आणि बघणाऱ्याला तिच्या जिन्यांवरून, खोल्यांतून फिरवून आणायचं. तिला बोलावणारी कंपनी दूरच्या शहरात होती. तिथल्या मोठ्या बाईंची अट साधी होती. गुरुवारी सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत लेकीच्या कॉम्प्युटरनं एक अवजड काम तासभर न थांबता करून दाखवायचं. दाखवलं, तर खुशाल घरी बसून नोकरी करावी. मध्येच बंद पडला, तर बॅग भरून त्यांच्या ऑफिसात हजर व्हावं. मास्तरांनी ही अट ऐकली त्या दिवशी ते पानावरून अर्धपोटी उठले. एकुलती एक पोर. ती गेली तर या घरात बोलायचं कुणाशी? आईशी बोलण्यासारखं जे होतं ते बोलून झाल्याला बरीच वर्षं लोटली होती.

तेव्हा मास्तरांनी ते तीन पंखे जीव ओतून बसवले. दोन खोक्याच्या पुढच्या बाजूला, एक मागं. पंखा हातात घेतल्याबरोबर त्यांनी त्याची सुलटी बाजू कुठली ते ओळखलं. एका अंगाला गुळगुळीत पाती आणि मधोमध चकाकती टिकली, दुसऱ्या अंगाला आडव्या काड्या, चिकटवलेला कागद आणि लोंबणारी वायर. आता शेंबडं पोरही सांगेल की कागद आणि वायर म्हणजे अस्तराची बाजू, ती आत जायची. चौकटीच्या कडेला एक बारीक बाण होता, पण कापडाच्या काठावरच्या कंपनीच्या खुणा शिवणीत दडवण्यात मास्तरांची हयात गेली होती. त्यांनी तिन्ही पंखे सुलटी बाजू बाहेर करून स्क्रू आवळून बसवले आणि हात झटकले.

“कसं दिसतंय?” त्यांनी विचारलं.

लेक मागच्या पंख्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. “छान दिसतंय, बाबा,” ती म्हणाली.

दिसायला छान असलेला तो कॉम्प्युटर काम लावल्यावर थोड्याच वेळात तापला, घोंघावला आणि पट्कन बंद पडला. “तू आतमध्ये काहीतरी ढिलं ठेवलंयस, ठमे,” ते लेकीला म्हणाले. लाडात आले किंवा घाबरले की ते तिला ठमे म्हणत. ठमीनं झाकण उघडून आत डोकावल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर जेवून आडवे झाले. उठून दुकानात आले, तर पोस्टमन पँटच्या मापासाठी येऊन बसलेला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि कॉम्प्युटर तिथंच कपडा कापायच्या टेबलाच्या टोकाला ठेवलेला, कारण घरातलं तेवढंच एक टेबल न डगमगणारं होतं. माप राहिलं बाजूला, मास्तरांनी आधी लेकीचा कॉम्प्युटर दाखवायला घेतला. समोरून दाखवला, बाजूनं दाखवला आणि मोठ्या ऐटीत पाठमोरा केला.

“मास्तर, हा मागचा पंखा उलटा बसलाय का?” पोस्टमननं विचारलं.

मास्तरांनी पाहिलं. आडव्या काड्या, कागद, वायर. सगळं अस्तर चव्हाट्यावर! एखाद्या नवरदेवानं कोट उलटा घालून यावं तसा तो पंखा त्यांच्याकडं बघत होता.

“हल्ली तशी फॅशन आहे,” मास्तर कसंबसं म्हणाले आणि त्यांनी पोस्टमनच्या कमरेला इतक्या जोरात टेप आवळली की तो बिचारा पुढं काही विचारूच शकला नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मास्तरांनी पंखा पुन्हा निरखून पाहिला. आपण हा पंखा सुलटा बसवला होता, की बसवला होता असं आपल्याला वाटलं होतं? उलट्या-सुलट्यातला फरक कळेना, तर शिंप्याचं उरलं काय? त्यांनी सुई काढली, दोरा काढला आणि एका डोळ्यानं ओवून पाहिला, मग दुसऱ्या डोळ्यानं, मग उभं राहून. दोरा दर खेपेला बिनतक्रार आत गेला. म्हणजे डोळे ठीक होते. मग डोकं बिघडलं असणार, आणि हे तर फारच वाईट! लेक अंघोळीला गेल्याचं पाहून त्यांनी गुपचूप चार स्क्रू काढले, पंखा फिरवून सुलटा केला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं काजं करायला बसले. घरात ब्र काढला नाही.

बुधवारी दुपारची झोप झाल्यावर बघतात तो पंखा पुन्हा उलटा.

या वेळी मात्र त्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी आईला आडून आडून विचारलं, “मी अलीकडं झोपेत उठून काही करतो का गं?”

“जागेपणीच काही करत नाही, झोपेत काय करणार,” आई म्हणाली आणि पीठ मळायला लागली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण मास्तरांना ते दिसलं नाही.

संध्याकाळी लेकीनं पुन्हा काम लावून पाहिलं. कॉम्प्युटर तासभर गार राहिला. लेक खूश होऊन नाचली, आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. मास्तरांचाही जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. डोक्यात तो उलटा पंखा घोळत होता. उद्या मोठ्या बाई बघणार. त्यांच्यासमोर आपली लेक अस्तर बाहेर काढलेला कॉम्प्युटर घेऊन बसणार? शिंप्याची पोर! गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून त्यांनी पंखा सुलटा केला, वर फडक्यानं पुसलासुद्धा.

ठरल्या वेळी मोठ्या बाई लेकीच्या लॅपटॉपच्या पडद्यावर आल्या. चष्मा, आखूड केस, चेहरा इस्त्री केलेला. लेकीनं कॉम्प्युटरला काम लावलं. मास्तर आणि आई दाराशी उभे राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात उष्णतेचा आकडा दिसत होता. तो चढायला लागला, आणि चढतच राहिला.

लेकीनं भुवया आकसल्या. मान लांबवून खोक्याच्या मागं पाहिलं. तिथं पंख्याची चकाकती टिकली तिला दिसली आणि तिचा चेहरा पडला. तिनं आईकडं पाहिलं. आईनं कपाळावर हात मारला. लेकीनं मान परत पडद्याकडं वळवली.

घाबरल्यावर मास्तरांचा हात आपोआप कॉलरकडं जाई. तिथं नेहमीप्रमाणं दोऱ्याचं एक तुटकं टोक चिकटलेलं होतं. ते त्यांनी काढलं, चुरगळलं आणि खोक्यामागं टाकलं. खाली पडण्याऐवजी ते उडालं आणि मागच्या पंख्याला जाऊन चिकटलं. मास्तरांनी दुसरा दोरा घेऊन पुढं धरला. तोही पंख्याकडं ओढला गेला. पुढच्या पंख्यांपाशी धरला, तिथंही आत.

म्हणजे हवा पुढून आत, मागूनही आत, आणि बाहेर पडायला वाट कुठंच नाही! तिन्हीकडून आपण नुसती हवा कोंबत होतो. सदऱ्याचा गळाच शिवून टाकलाय आपण, मास्तर मनात म्हणाले, आणि वर पोरीला विचारतोय, गुदमरतेस का म्हणून.

“ठमे,” ते कुजबुजले, “हे थांबवलं तर?”

“नापास.”

“आणि चालू असताना हा एवढा पंखा काढून फिरवला तर?”

लेकीनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. “वायर मी काढते. पण लवकर, बाबा. झाकण फार वेळ उघडं ठेवता येणार नाही, इथं सगळीकडं कापडाचा भुसा आहे.”

गिऱ्हाइकाच्या अंगात कोट असताना त्याचं बटण लावायची मास्तरांना सवय होती, आणि गिऱ्हाईक फोनवर भांडत असलं तरी त्यांची सुई कधी कातडीला लागली नव्हती. लेकीनं बाजूचं झाकण काढलं, वायर उपटली. मास्तरांनी स्क्रू काढून दातांत धरले, पंखा फिरवला आणि आडव्या काड्या, कागद, वायर अशी सगळी लाज बाहेर ठेवून घट्ट बसवला. लेकीनं वायर जोडली, झाकण लावलं. मास्तरांनी दोरा धरला. तो भुर्रकन बाहेर उडाला. आकडा आणखी जरासा चढला, घुटमळला आणि उतरायला लागला.

मोठ्या बाई हे सगळं पडद्यावरून बघत होत्या. काम पुरं झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, “ठीक आहे. घरूनच काम करा. ते तोंडात स्क्रू धरलेले गृहस्थ कोण?”

“माझे बाबा,” लेक म्हणाली. “आमच्याकडं फिटिंग तेच बघतात.”

पडदा बंद झाला. लेकीनं आनंदानं आईला मिठी मारली. मास्तर तसेच उभे होते.

“म्हणजे दुपारी पंखा उलटत होतीस ती तू?”

“हो.”

“म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे!” मास्तर इतक्या जोरात हसले की शिलाई मशीनवरची कात्री खाली पडली. आणि मग हसता हसता मध्येच थांबले. “पण मला सांगितलं का नाहीस? आज हे बंद पडलं असतं तर?”

“तर गेले असते.”

“गाव सोडून, आम्हाला सोडून गेली असतीस, पण बाबा, तुम्ही पंखा चुकीचा बसवलाय, एवढं म्हणाली नसतीस?”

लेकीनं लॅपटॉप मिटला. “त्यापेक्षा जाणं सोपं वाटलं, बाबा.”

मास्तर टेबलाला टेकले. हे त्यांना चांगलंच लागलं. आपल्या हातचं काम कुणी उसवायला आणलं नाही, हे ते जन्मभर छाती फुगवून सांगत आले होते. आणायची कुणाची छातीच झाली नाही, हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा केले आणि लेकीकडं न बघता ते म्हणाले, “आणखी काही असेल तर आत्ताच सांगून टाका.”

आई आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. ती थंडीतला आपला कोट घेऊन बाहेर आली, तो अंगात घातला आणि दोन्ही हात समोर धरून त्यांच्यापुढं उभी राहिली. “आता विषय निघालाच आहे तर,” ती म्हणाली, “डावी बाही आखूड आहे.”

“कधीपासून?”

“शिवलात तेव्हापासून. म्हणून तर हा हात मी खिशात ठेवते.”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, बाहीला लावली आणि आकडा पाहिला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला. “उतरव,” ते म्हणाले. “उसवायला घेतो.”

त्यांनी मान वर केली, तर आईच्या मागं लेक दोन शर्ट, एक झगा आणि शाळेत असतानाची एक पँट हातावर टाकून आपला नंबर लावून उभी होती.